जबड्यामुळे ट्रॉम्बोन सुटलेले डेव्हिड बेकर: मुलीला काय सांगू, काय ऐकवू?

सांजवात

नमस्कार मंडळी. आम्ही इंडियानापोलिसला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या जॅझ बँडमध्ये तीन वर्षं ट्रॉम्बोन (सरकत्या नळीचं, म्हणजे स्लाइडचं, पितळी फुंकवाद्य) वाजवते. दोन महिन्यांपूर्वी तिला जबड्याच्या सांध्यात कळ यायला लागली. आधी ती बोलली नाही, बँडमधून काढतील म्हणून. मग जेवताना तोंड उघडेना तेव्हा कळलं. डॉक्टरांनी चार महिने वाजवणं पूर्ण बंद केलंय. त्यानंतर बघू म्हणाले.

त्या दिवसापासून ट्रॉम्बोनची पेटी पलंगाखाली आहे. घरात बँडचा विषय काढला की ती उठून जाते. गेल्या आठवड्यात बँडच्या सरांनी तिच्या हातात एक झेरॉक्सचा कागद दिला. त्यावर एकच सरगम, वरून खाली येणारी, बारा पट्ट्यांमध्ये लिहिलेली. तळाशी सरांनी पेनने लिहिलंय: 'डेव्हिड बेकर. ह्याच शहरातले. त्यांचाही जबडा गेला होता. शोध.'

मुलगी शोधणार नाही, तिच्या मनातच नाहीये सध्या. म्हणून मी शोधते आहे. इंटरनेटवर पुरस्कारांची यादी मिळते, पुस्तकांची यादी मिळते, पण तिला जेवणाच्या टेबलावर सांगता येईल असं काही मिळत नाही. इथे पाश्चात्त्य संगीत ऐकणारे बरेच जण आहेत. कोणी सांगाल का, हे कोण होते, आणि त्यांचं काय ऐकवू? आणखी एक. मी लहानपणी पाच-सहा वर्षं हार्मोनियम शिकले आहे. त्या कागदावर सा ते सा मोजले तर सातऐवजी आठ सूर भरतात. छपाईची चूक आहे का?

---

सहावी_पोझिशन

ताई, त्या सरांना माझा नमस्कार सांगा. त्या चार शब्दांत त्यांनी बरोबर माणूस दाखवलाय.

मी २००३ ते २००९ ब्लूमिंग्टनला होतो, तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत. वयाच्या पस्तिशीत तिथे ट्रॉम्बोन हातात घेतला. मला शिकवणारे गृहस्थ बेकरांच्या हाताखाली शिकलेले होते. त्यांचं नाव इथे देत नाही, त्यांना ते रुचणार नाही. म्हणजे मी बेकरांच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी. बेकरांना मी दोनदा रंगमंचावर पाहिलं, विद्यापीठाच्या मुलांचा बिग बँड चालवताना, आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेतूनच परत आलो. जाऊन बोलायला हवं होतं. ते २६ मार्च २०१६ ला ब्लूमिंग्टनमध्येच गेले, चौऱ्याऐंशीव्या वर्षी.

जन्म तुमच्याच शहरातला, २१ डिसेंबर १९३१. शाळा क्रिस्पस अॅटक्स हायस्कूल. मुलीला ती इमारत जरूर दाखवा. १९२७ मध्ये शहराने कृष्णवर्णीय मुलांना वेगळं काढण्यासाठी ही शाळा बांधली, आणि त्याच शाळेतून एकाहून एक वादक निघाले. आधुनिक जॅझ ट्रॉम्बोन ज्यांच्यामुळे आहे ते जे. जे. जॉन्सन इथलेच, बेकरांपेक्षा जवळपास आठ वर्षांनी मोठे. बेकर मग इंडियाना विद्यापीठात गेले, १९५३ मध्ये पदवी आणि १९५४ मध्ये पदव्युत्तर पदवी, दोन्ही संगीत शिक्षणातल्या.

१९५३ मध्येच मोटारीचा अपघात झाला आणि जबडा दुखावला.

इथे जरा थांबतो, कारण ट्रॉम्बोन न वाजवणाऱ्याला ह्याचा अर्थ लगेच लागत नाही. ह्या वाद्यात सूर ओठ तयार करतात. पितळी नळी तो मोठा करते आणि आपल्या लांबीनुसार पक्का करते. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल, खालचा जबडा किंचित पुढे आणि स्थिर, दातांमध्ये फट, आणि ह्या सगळ्यावर माउथपीसची कड टेकलेली. वरचे सूर लावताना जबडा एका केसाएवढा हलला तरी सूर फुटतो. जबड्याचा सांधा दुखत असेल तर शरीर आपोआप दुसरे स्नायू कामाला लावतं, आणि ते स्नायू त्या कामाचे नसतात. काही काळ निभतं. बेकरांचं आठ-नऊ वर्षं निभलं, आणि त्या आठ-नऊ वर्षांत त्यांनी केलं काय ते ऐका.

मिसुरी राज्यातल्या लिंकन विद्यापीठात शिकवायला लागले. तिथून जावं लागलं, कारण त्यांनी एका गोऱ्या ऑपेरा गायिकेशी लग्न केलं होतं आणि मिसुरीत तेव्हा असं लग्न कायद्याने गुन्हा होता. स्टॅन केंटन, मेनार्ड फर्ग्युसन यांच्या बँडमध्ये वाजवलं. १९५९ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्सच्या जॅझ शाळेत गेले. त्याच वर्गात पुढे जॅझमध्ये मोठं नाव झालेले ऑर्नेट कोलमन आणि डॉन चेरी विद्यार्थी होते, आणि शिकवायला संगीतकार जॉर्ज रसेल. रसेल यांनी पुढे जो सहा जणांचा संच केला त्यात ट्रॉम्बोनवर बेकर. १९६१ मध्ये क्विन्सी जोन्स यांच्या बिग बँडबरोबर युरोपचा दौरा. १९६२ मध्ये जॅझच्या 'डाउनबीट' मासिकाने त्यांना ट्रॉम्बोनमधला नवा तारा म्हणून निवडलं.

आणि त्याच सुमारास ट्रॉम्बोन ठेवून द्यावा लागला. तिशी नुकतीच उलटली होती. मला ह्या गोष्टीने आजही गलबलतं. सगळी दारं उघडली आणि त्याच वेळी हात रिकामा झाला.

त्यांनी चेलो उचलला, व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, बसून वाजवायचं वाद्य. तिशीत, पहिल्या धड्यापासून. निवड मला फार समजूतदार वाटते. दोन्ही वाद्यांचा पल्ला जवळपास सारखाच, दोन्हींची स्वरलिपी बरीचशी त्याच क्लेफमध्ये (ओळींवरचे सूर ठरवणाऱ्या खुणेत) लिहितात, आणि दोन्हींवर पडदे नाहीत. ट्रॉम्बोनच्या स्लाइडवर कुठेही खूण नसते. सात पोझिशन, म्हणजे हात थांबवायच्या जागा, पहिल्यापासून सातवीपर्यंत साधारण दोन फूट, आणि पुढे जाल तसं दोन पोझिशनमधलं अंतर वाढत जातं. हात कुठे थांबवायचा हे कानच सांगतो. चेलोचंही तसंच. म्हणजे ओठ गेले, पण बारा-पंधरा वर्षं घडवलेला कान शाबूत होता, तो त्यांनी बरोबर नेला.

१९६६ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात शिकवायला आले, १९६८ मध्ये तिथे जॅझची पदवी सुरू झाली, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते तिथेच राहिले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांची नावं कोणत्याही रेकॉर्डच्या पाठीमागे सापडतील: रँडी ब्रेकर, पीटर अर्स्किन, जॉन क्लेटन, जेफ हॅमिल्टन, रॉबर्ट हर्स्ट, ख्रिस बोटी. गंमत बघा, ह्यात एकही ट्रॉम्बोनवाला नाही. ट्रम्पेट, ड्रम, बास. ते वाद्य शिकवत नव्हते, भाषा शिकवत होते.

ही भाषा तोवर फारशी लिहिलेली नव्हती. बीबॉप ही वेगवान जॅझ शैली घडवणारे चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी जे वाजवत ते क्लबांतून आणि रेकॉर्डवरून कानाने उचलायचं, सुई मागे नेऊन पुन्हा पुन्हा. ज्याला मोठ्यांच्या शेजारी बसायला मिळालं तो शिकला. बेकरांनी ते उतरवून घेतलं, त्यातले नियम काढले, नावं दिली, बारा पट्ट्यांत सराव लिहिले. सत्तरेक पुस्तकं लिहिली. लेकीच्या हातातला कागद त्याच कामाचा तुकडा आहे. आठ सुरांची भानगड कोणीतरी हार्मोनियमवाला माझ्यापेक्षा नीट सांगेल, म्हणून ती सोडतो. छपाईची चूक मात्र नाही.

माझ्या शिकण्यातलं एक सांगतो. माझ्या सरांच्या घरी तळघरात छोटी खोली होती. एक खुर्ची, एक स्टँड, स्लाइडवर मारायला पाण्याची फवाऱ्याची बाटली. पहिल्या दिवशी मी पेटी उघडून वाद्य जोडलं. त्यांनी माउथपीस काढून घेतलं आणि आपल्या शर्टाच्या खिशात टाकलं. म्हणाले, आता स्लाइड हलव आणि गा. वीस मिनिटं मी फक्त गात होतो आणि हात त्या सुराच्या जागी नेत होतो. ओठ नाही, फुंक नाही. गळ्यातला सूर खाली उतरला आणि हात तिथेच राहिला की ते नुसते माझ्या मनगटाकडे बघायचे. मला वाटलं, नवशिक्यांसाठी असेल. पण सहा वर्षं प्रत्येक तासाची सुरुवात अशीच झाली. माउथपीस खिशात. गाऊन झालं की खिशातून निघायचं, रुमालाने पुसलेलं, आणि तेव्हा कुठे पहिली फुंक.

ताई, हे मी मुद्दाम सांगतोय. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली आहे. गाणं आणि स्लाइड हलवणं ह्याला मनाई आहे का, हे एकदा विचारून घ्या. तोंड फार न उघडता, गुणगुणूनही चालतं.

ऐकायचं म्हणाल तर जॉर्ज रसेल यांची 'एझ-थेटिक्स', मे १९६१ मध्ये न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेली. डॉन एलिस ट्रम्पेट, एरिक डॉल्फी आल्टो सॅक्सोफोन आणि बास क्लॅरिनेट, स्टीव्ह स्वॅलो बास, जो हंट ड्रम, स्वतः रसेल पियानो, आणि बेकर. त्यात 'ऑनेस्टी' नावाची रचना खुद्द बेकरांची आहे. आधी ती लावा. काही सांगू नका, नुसती लावा. ज्या जबड्याने हे वाजवलं तो आठ वर्षांपूर्वी मोडला होता, हे नंतर सांगा.

---

द्रुतलय

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरी एक मत वेगळं नोंदवतो. प्रभावी ट्रॉम्बोनवादक म्हणून पहिलं नाव जे. जे. जॉन्सन यांचंच घ्यावं लागेल. बीबॉपच्या वेगात स्लाइड चालेल हे १९४० च्या दशकात कोणाला पटत नव्हतं. जे. जे. इतकं स्वच्छ वाजवायचे की रेकॉर्ड ऐकून लोकांना ते स्लाइडऐवजी खटक्यांचा ट्रॉम्बोन वाजवतात असं वाटायचं. एवढं करूनही १९५२ ते १९५४ ह्या काळात त्यांना एका कारखान्यात आराखडे (ब्लूप्रिंट) तपासायची नोकरी करावी लागली. मग काई विंडिंग यांच्याबरोबर दोन ट्रॉम्बोनची जोडी जमली आणि दिवस फिरले. बेकर स्वतः जे. जें.कडून शिकले. मुलीला मूळ झरा आधी दाखवा असं मी म्हणेन.

स्लाइड हॅम्प्टन हेही इंडियानापोलिसमध्येच वाढले, आणि ते डाव्या हाताने स्लाइड चालवायचे. एका शहरात इतके ट्रॉम्बोनवाले कसे, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

---

सहावी_पोझिशन

द्रुतलय, वादक म्हणून जे. जे. मोठे, ह्यावर माझा वाद नाही. रोज ऐकतो त्यांना. पण ताईंच्या मुलीला आत्ता जे. जे. ऐकवले तर काय होईल ते मला ठाऊक आहे. मलाही एकदा ओठाला जखम झाली होती, पाच आठवडे बंद होतं, आणि तेव्हा कोणाही निष्णात माणसाचं वाजवणं कानावर पडलं की छातीत कळ यायची. आपण बाहेर उभे आहोत आणि आत पंगत बसली आहे असं वाटायचं. त्या वेळी सरांनी मला काही ऐकवलं नाही. एका जाडजूड पुस्तकातली पानं दिली. बेकरांनी १९७० च्या दशकात जॅझ ट्रॉम्बोनची सगळी परंपरा, सुरुवातीच्या वादकांपासून आपल्या काळापर्यंत, सोलो उतरवून, एकेकाची मांडणी सांगून लिहून काढली आहे, त्यातली. मी ती वाचत बसलो. कोण कुठे श्वास घेतो, कोण कोणता सूर टाळतो, कोणाचं वाक्य कुठे संपतं.

वाचता वाचता कधीतरी लक्षात आलं की हे लिहिणाऱ्याला ते वाद्य आता वाजवता येत नव्हतं. प्रत्येक सोलो उतरवताना त्यांना हाताची पोझिशन आठवत असणार, ओठाचा दाब आठवत असणार. तरी एका ओळीतही त्रागा नाही. दुसऱ्याच्या वाजवण्याकडे इतक्या आस्थेने बघितलंय, की मी तेव्हापासून त्यांना गुरू मानतो. तोंडओळख नसताना.

आणि प्रभाव म्हणाल तर तोही असाच मोजायला हवा. जे. जें.चा प्रभाव ट्रॉम्बोन ऐकला की कळतो. बेकरांचा प्रभाव सॅक्सोफोन शिकणारं कुठलंही पोर 'बीबॉप स्केल' म्हणून जे घोकतं, म्हणजे ताईंच्या कागदावरची सरगम, त्यात आहे, आणि त्याला बहुतेक वेळा नाव माहीत नसतं.

---

कोमल_निषाद

आठ सुरांचं मी सांगतो. ताई, हार्मोनियम असेल तर काढा.

खमाज थाटाचे सूर घ्या: सा रे ग म प ध आणि कोमल नि. पाश्चात्त्य 'डॉमिनंट सेव्हन्थ' कॉर्डचे (एकदम वाजवायच्या सूरसमूहाचे) चार सूर ह्यातलेच आहेत, सा, ग, प आणि कोमल नि. आता वरच्या सा पासून खाली या, एका मात्रेत दोन सूर. जोडीतला पहिला सूर मात्रेवर येतो, बघा:

सा नि(को), ध प, म ग, रे सा.

मात्रेवर काय आलं? सा, ध, म, रे. सा सोडला तर कॉर्डचे सूर अधल्यामधल्या जागी पडले आणि मात्रेवर परके सूर बसले. वाजवणारा बरोबर वाजवतोय आणि तरी ऐकणाऱ्याला ते निसटल्यासारखं वाटतं. आता सा आणि कोमल नि यांच्यामध्ये शुद्ध नि घाला:

सा नि(शु), नि(को) ध, प म, ग रे, आणि पुन्हा सा.

मात्रेवर सा, कोमल नि, प, ग. कॉर्ड जशीच्या तशी मात्रांवर उभी. एक सूर वाढवला आणि सगळी ओळ जागेवर बसली. शिवाय सात सुरांनी चार मात्रा भरत नव्हत्या, आठांनी बरोबर भरतात, सम चुकत नाही.

पार्करच्या पिढीचे लोक हे हाताच्या सवयीने करत होते. बेकरांनी ते ओळखलं, त्याला नाव दिलं आणि शिकवण्याजोगं केलं. खमाजात दोन्ही निषाद लागतात हे आपल्याला नवीन नाही, फक्त इथे ते एकामागोमाग एक येतात आणि कारण लयीचं आहे. मी सतार वाजवतो, जॅझ जेमतेम ऐकतो. पण हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा वहीत दहा वेळा लिहून बघितला होता.

---

पूर्वरंग

मुलगी ट्रॉम्बोन वाजवते म्हटल्यावर मेल्बा लिस्टन यांचं नाव न घेता मला राहवत नाही. १९२६ चा जन्म, कॅन्सस सिटी. सात वर्षांच्या असताना ट्रॉम्बोन निवडला, हात सहाव्या-सातव्या पोझिशनला पोचतही नसणार. जेराल्ड विल्सन यांच्या बँडमध्ये होत्या, १९५६ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या बँडबरोबर परदेश दौऱ्यावर गेल्या, त्या बँडसाठी संगीत लिहिलंही. पियानोवादक रँडी वेस्टन यांच्याबरोबरचं त्यांचं काम तर अनेक वर्षं चाललं. १९७३ पासून सहा वर्षं जमैकात राहून तिथल्या संगीत शाळेत शिकवलं.

१९८५ मध्ये अर्धांगाचा झटका आला आणि वाजवणं कायमचं थांबलं. त्या पुन्हा लिहायला लागल्या, कॉम्प्युटरच्या मदतीने. १९९० च्या दशकातल्या वेस्टन यांच्या रेकॉर्डवरची त्यांची मांडणी ऐका. ज्या हाताने स्लाइड धरता येत नव्हती त्या हातांनी एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाचं नियोजन केलंय. 'मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स' ही १९५८ ची रेकॉर्ड मात्र वाजवत्या काळातली, सगळी ट्रॉम्बोनचीच. माझ्या मुलीच्या खोलीत त्या रेकॉर्डचं कव्हर फ्रेम करून लावलंय.

---

सांजवात

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. हार्मोनियम माळ्यावर होती, काढली. कोमल_निषाद, तुम्ही सांगितलंत तसं दोन्ही प्रकारे वाजवून बघितलं. पहिल्या वेळी खरंच सांडल्यासारखं वाटतं. मुलगी वरच्या खोलीत होती. तिसऱ्या खेपेला जिन्यात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही.

सहावी_पोझिशन, एक विचारू? त्यांनी चेलो घेतला तेव्हा ट्रॉम्बोन पूर्ण विसरले का? तिने मला हेच विचारलं. मी तिला एवढंच सांगितलं होतं की ते पुढे चेलो वाजवायला लागले. ती म्हणाली, 'म्हणजे हरले.' मला उत्तर सुचलं नाही.

---

सहावी_पोझिशन

तिचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नका. हो, ज्या वाद्यावर त्यांचं नाव होणार होतं ते सुटलं. १९६२ मध्ये नवा तारा ठरलेल्या माणसाचा पुढचा दहा वर्षांचा ट्रॉम्बोन आपल्याला कधीच ऐकायला मिळाला नाही. ते नुकसान आहे, आणि ते भरून आलं असं मी म्हणणार नाही.

पण चेलो ही नुसती सोय राहिली नाही. त्यांनी चेलोसाठी इतकं लिहिलं की यानोस श्टार्कर यांच्यासारख्या चेलोवादकाने त्यांची सोनाटा वाजवली. श्टार्करही ब्लूमिंग्टनलाच शिकवत. १९७३ मध्ये बेकरांच्या एका रचनेला पुलित्झर पुरस्कारासाठी नामांकन मिळालं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा जॅझ वाद्यवृंद १९९० मध्ये उभा राहिला, तो ते वीस वर्षांहून अधिक काळ चालवत होते. ड्यूक एलिंग्टन आणि इतर जॅझ संगीतकारांचं जुनं संगीत मूळ मांडणीनुसार पुन्हा उभं करायचं काम. आणि सत्तरी ओलांडल्यावर ह्या माणसाने श्रोत्यांच्या मोबाइल फोनसाठी आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी एक रचना लिहिली, २००६ मध्ये शिकागोत ती वाजली. श्रोते आपापल्या जागी बसून फोन वाजवतात. हे तिला सांगा, तिला आवडेल.

आता कोमल_निषाद यांच्या आठ सुरांबद्दल ट्रॉम्बोनवाल्यांची एक गोष्ट राहिली, ती फक्त आम्हालाच दिसते. बी-फ्लॅट ह्या सुराला सा मानून खाली या. पोझिशन अशा:

१, २, ३, ४, १, ३, ४, ६, १.

तो वाढवलेला सूर दुसऱ्या पोझिशनवर आहे. तो नसता तर हात १ वरून एकदम ३ वर उडी मारतो. तो आला की पहिले चार सूर एक-दोन-तीन-चार असे सरळ बाहेर निघतात, हाताला पायऱ्या मिळतात. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण ज्या माणसाच्या उजव्या हाताने पंधराएक वर्षं स्लाइड चालवली त्याच्या हाताला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. मला तरी दर वेळी एक ते चार जाताना असं वाटतं की इथे ट्रॉम्बोन विसरलेला नाही.

हे चार आकडे तिला द्या. बाकी काही सांगू नका.

ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी ब्लूमिंग्टन सोडून सात वर्षं झाली होती. सरांना फोन केला. ते फार बोलले नाहीत. म्हणाले, सगळ्या पट्ट्यांत एकदा घे. मी त्या रात्री घेतल्या, बाराही, म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून, सावकाश. बी-फ्लॅटला सुरुवात केली आणि बी-फ्लॅटलाच संपवलं. आधी गायलो.

---

सांजवात

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. डॉक्टरांना विचारलं. गुणगुणायला, स्लाइड हलवायला हरकत नाही, दुखलं की थांबायचं. 'ऑनेस्टी' मी भाजी चिरताना लावली होती. तिने विचारलं, हा ट्रॉम्बोन कोणाचा? मी सांगितलं. जबड्याचं सांगितलं नाही. तिनेच रेकॉर्डचं वर्ष विचारलं, मग जबडा कधी गेला ते विचारलं, आणि मग बराच वेळ गप्प होती, तिने मनात वजाबाकी केली असणार.

काल संध्याकाळी पलंगाखालून पेटी ओढल्याचा आवाज आला. मी दाराशी गेले. स्लाइडवर तिने पाण्याचा फवारा मारला होता, गालिच्यावर थेंब पडले होते. माउथपीस पेटीतच होतं, मखमलीच्या खाचेत. ती पाठमोरी उभी राहून बारीक आवाजात म्हणत होती आणि हात जात होता, एक, दोन, तीन, चार. सहाला पोचताना खांदा पुढे गेला, तेव्हा चुकलं, परत पहिल्यापासून घेतलं.

सहावी_पोझिशन, ती विचारते आहे की सहाव्या पोझिशनला मनगट वाकवायचं की कोपर सरळ करायचं?